निळ्या भांड्यावर नाव घालताना

माझ्या हातचं सगळ्यांत जास्त वाचलं गेलेलं लेखन भांड्यांवर आहे. वडवणीच्या आसपासच्या बऱ्याच स्वयंपाकघरांत ते आहे, शिरूर कासारकडच्या वाड्यावस्त्यांवर आहे, आणि दर वर्षी ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर ते ट्रॅक्टरमध्ये बसून परजिल्ह्यांतल्या कारखान्यांवर मुक्कामाला जातं. त्यात क्रियापद क्वचितच असतं. नुसती नावं. म्हणून या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाविषयी सात-आठ पानं लिहा' असं कळवलं तेव्हा मी त्यांना खरं तेच सांगितलं, की तीन शब्दांच्या पुढे माझा हात चालत नाही. त्यांना तो विनय वाटला. मी कमी बोलते, त्यामुळे लोकांचे माझ्याविषयी असे बरेच चांगले गैरसमज होतात.

मी सहा वर्षं एका महिला ग्राहक सहकारी भांडारात, भांडी विभागात काम केलं. भांडाराचं नाव लिहीत नाही. तिथल्या बाया दिवाळी अंक वाचतात, आणि मला अजून त्याच बाजारातून भाजी आणायची असते.

नोकरी मिळाली ती इंग्रजीमुळे. माझी शाळा बीडची, इंग्रजी माध्यमाची. वर्गात मराठी बोललं की उभं करायचे. त्यामुळे मी मराठी बोलायला घाबरायला लागले आणि इंग्रजी बोलायला मुळातच लाजत होते. दोन्ही वजा केल्यावर जे उरलं ते मान हलवणं. मान मात्र मी फार चांगली हलवते. भांडाराच्या अध्यक्षांना सगळा तालुका अक्का म्हणतो. मोठ्या बागाईतदाराच्या घरच्या, सगळ्या निवडणुकांत पुढे. मुलाखत त्यांनीच घेतली.

"इंग्लिश वाचता येतंय?"

मी मान हलवली.

"गिऱ्हाइकासंगं बोलता येतंय?"

मी तीच मान तशीच हलवली. पहिल्या उत्तराच्या पुण्याईवर दुसरं खपून गेलं.

काउंटर चंद्रकलाकाकूंच्या ताब्यात होतं. काकू पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि अशा तयारीच्या की आत येणाऱ्या बाईच्या चपलांकडे बघून सांगायच्या, ही पातेलं घेणार की नुसतं वाजवून जाणार. आठ दिवस त्यांनी माझा प्रकार बघितला. मग माझ्यासमोरच अक्कांना म्हणाल्या, "अक्का, पोरगी गुणाची हाय. पर गिऱ्हाईक आलं की नव्या कालवडीवानी खांबाआड जाती. हिला मशीनवर बसवा. तिथं बोलायचं काम न्हाई."

मशीन म्हणजे भांड्यावर नाव घालायची मशीन. ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ती जाडजूड पेनासारखी असते. वीज लावली की टोकाची सुई थरथरायला लागते आणि धातूवर बारीक ठिपक्यांची रेघ उमटते. स्टील सुईला अडवतं, म्हणून स्टीलवर अक्षर ठाम येतं. पितळ मऊ, त्यावर सुई पळते. जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात ती रुतून बसते. शिरोरेघ शेवटी ओढायची, नाहीतर अक्षरं एकमेकांच्या अंगावर येतात. चुकलं तर खोडायची सोय नाही. चुकलेलं नाव त्या घरात चाळीस वर्षं जेवतं. पहिले पंधरा दिवस काकूंनी मला गंजक्या पत्र्यावर बाराखडी गिरवायला लावली, कारण माझं देवनागरी अक्षर बघून त्यांनी विचारलं होतं, "कितवीपोत्तर शिकलीस म्हन्लीस?"

पण मशीन चालू असली की इतका घर्रर्र आवाज होतो की कुणी आपल्याशी बोलत नाही. मला दुसरं काही नको होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नाव घालणं म्हणजे हौस. तसं नाही. लग्नाला, सप्ताहाला, तेराव्याला गावभरची पातेली एकत्र होतात आणि परत निघताना बिननावाचं पातेलं ज्याच्या हाताला लागेल त्याचं. टोळीत तर वीस कोप्यांची, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांची, भांडी पाण्याच्या एकाच टाकीपाशी घासायला पडतात. नाव नसलं तर चार महिन्यांनी गावी येताना बाईच्या हातात दुसरीचं भगुलं आणि मनात तिसरीवर संशय.

एकदा एका सासूबाईंनी सुनेच्या माहेरची सगळी भांडी पोत्यात घालून आणली आणि प्रत्येकावर स्वतःचं नाव घालायला सांगितलं. सून शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी सुईकडे. घातली सगळी नावं. वर्षभरानं ती सून एकटी आली, तेच पोतं घेऊन. म्हणाली, "बुडाला माहं घाला ताई. बारीक घाला, पर घाला." मी इतकं मन लावून कधीच काम केलं नसेल. ती भांडी आजही पालथी घातली की त्यांची मालकीण बदलते.

आणखी एक गृहस्थ होते, डोक्यावर मोठं पातेलं घेऊन आले. मजकूर त्यांनी पाठ करून आणला होता: 'परत आणून द्यावे. राग आलेला आहे.' मी धीर करून विचारलं, नाव? "नाव कशाला? पातेलं कुनाचं हाय ते सगळ्यांस्नी ठावं हाय. राग आल्याचं ठावं न्हाई."

अशी वर्षं बरी चालली होती. मग दुष्काळ पडला.

टँकर आधी दिवसाआड यायचा, नंतर चार दिवसांनी, नंतर आला की बाया कामं टाकून पळायच्या आणि काउंटरवर मी एकटीच उरायची. घासायला पाणी नाही म्हणून लोक पत्रावळीवर जेवायला लागले. ऊसच वाळला, त्यामुळे टोळ्याही थोड्या उठल्या, आणि टोळीसाठी होणारी दसऱ्याच्या आधीची खरेदी झालीच नाही. स्टीलच्या मांडणीवर धूळ बसली आणि ती पुसायलाही ओलं फडकं काटकसरीनं वापरायचं. संचालक मंडळाच्या बैठकीत अक्का म्हणाल्या, "दुष्काळात चालंल आसं भांडं हुडका." इंग्रजी कॅटलॉगांचा गठ्ठा सरकत माझ्यासमोर आला. "इंग्लिशची हाय ना तू? वाच."

मी दोन दिवस वाचलं आणि मला ते सापडलं. बिडाचं जाड भांडं, आतून-बाहेरून इनॅमलचा थर दिलेलं. जुनी माणसं ज्याला तामचिनी म्हणतात तसला, पण जाड आणि चकचकीत. (आमच्या जिल्ह्याचं आणि या ओतीव लोखंडाचं नाव एकच आहे. यावर भांडारात आलेला प्रत्येक पुरुष एक विनोद करायचा. तो प्रत्येकाला स्वतःला सुचलेला असायचा.) बैठकीत मी वहीत बघत, वहीलाच समजावल्यासारखं सांगितलं: झाकण जड आहे, वाफ बाहेर जात नाही, थेंब होऊन परत भाजीत पडते, म्हणून पाणी कमी लागतं. एकदा तापलं की जाळ काढला तरी शिजत राहतं. खाली लागत नाही, त्यामुळे धुवायलाही तांब्याभर पाणी पुरतं. माझ्या आयुष्यातलं तोवरचं ते सगळ्यांत लांब भाषण. बारा भांडी मागवायचं ठरलं आणि मी घरी जाऊन आईला सांगितलं की मी तालुक्याचा पाण्याचा प्रश्न थोडासा सोडवला आहे.

पेटी आली. काकूंनी एक भांडं उचललं आणि लगेच खाली ठेवलं.

"आगं बाई! ह्यात जातं भरलंय का काय?"

"रिकामं आहे, काकू."

"रिकामं हाय, मग भरल्यावर उचलायला माणूस बी आपणच द्यायचा का?"

सहा लाल होती, सहा निळी. प्रत्येकात एक इंग्रजी पत्रक. भांडारात ते वाचू शकणारी मी एकटी, त्यामुळे मी ते घडी उलगडून नीट वाचलं. ठोकू नका. वाजवू नका. लोखंडी उलथन्यानं खरवडू नका. काठाला सांडशी लावू नका. कोरडं तापवू नका. टोकदार वस्तू वापरू नका. आमच्याकडे भांडं विकत घेणं आणि वापरणं म्हणजे हीच सगळी कामं याच क्रमानं करणं.

आली बाई की आधी बोटाच्या पेरानं वाजवायची. स्टील कसं ठण्ण बोलतं. बीड बद्द वाजतं. "चिरलंय," असं म्हणून बाई निघून जायची. खरं तर हे भांडं कानानं निवडायचंच नसतं. झाकण ठेवून फिरवून बघावं, डुलतं का. काठावरून बोट फिरवावं, कुठे टवका लागतो का. दोन्ही कान फडक्यासकट मुठीत बसतात का बघावं, कारण ते तापतात. आतला रंग फिकट असावा म्हणजे फोडणी करपायला लागली की दिसते. घरात खाणारी तोंडं किती ते बघून आकार घ्यावा, आणि रिकामं उचलतानाच दम लागत असेल तर हौस आवरावी. हे सगळं मला पाठ होतं. मी कुणालाही सांगितलं नाही. काकू आपल्या परीनं खपवायच्या: "घ्या, लई भारी हाय, आमच्या मॅडमनी इंग्लिशातून आणलंय."

पहिलं भांडं अक्कांनी घेतलं. लाल. चार संचालक बाया गोळा केल्या, भांडं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "घाल नाव. मोठ्ठं घाल, दारातून दिसलं पायजे."

टोकदार वस्तू वापरू नका, हे वाक्य मला अक्षरशः डोळ्यांपुढे दिसत होतं, ठळक टायपात. त्याचं मराठी भाषांतरही झालं. ते घशापर्यंत आलं. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली आणि मशीन चालू केली.

पहिल्या रेघेलाच 'टिच्च' असा आवाज आला आणि ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडाला. दुसऱ्या अक्षराला चिंचोक्याएवढा. खालचं काळं बीड उघडं पडलं. अक्का त्या चौघींना भांड्याची किंमत सांगण्यात गुंतल्या होत्या. मी तसंच पुढे रेटलं, कारण थांबलं तर बोलावं लागलं असतं. नाव पुरं झालं तेव्हा ते नावापेक्षा उंदरानं कुरतडल्यासारखं दिसत होतं. मी ती बाजू भिंतीकडे फिरवली, "झालं" म्हणाले आणि भांडं पिशवीत घातलं. अक्कांना घरी गेल्यावर दिसलं असणारच. त्या मला काही बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या बैठकीत सगळ्यांना चहा आला तेव्हा माझा कप कमी पडला.

शहाण्या माणसानं यावर काय केलं असतं? 'या भांड्यांवर नाव घालून मिळणार नाही' अशी पाटी लावली असती. कारण सांगितलं असतं. मी वेगळाच मार्ग काढला. कुणी इनॅमलचं भांडं घेतलं की टेबलाखालून पायानं मशीनची वायर ओढायची आणि म्हणायचं, "मशीन बिघडली." दोन शब्द, मला झेपणारे. तीन बाया बिननावाची भांडी घेऊन गेल्या. ती आता कुणाच्या घरात असतील ते मला माहीत नाही, आणि त्या तिघींनाही माहीत नसण्याची शक्यता आहे.

मग एका बाजाराच्या दिवशी भामाबाई आल्या.

भामाबाई वडवणीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेच्या एका वस्तीवर राहायच्या. घरी शेरडं-मेंढरं आणि थोडी कोरडवाहू. वय चाळीसच्या पुढचं. बाजारातही काठी खांद्यावर आडवी टाकून, दोन्ही मनगटं तिच्यावर टेकवून चालायच्या, आणि माणसं बाजूला सरायची. काठी त्यांनी काउंटरला टेकवली आणि निळं भांडं वाजवलं नाही. दोन्ही हातांनी उचललं, कोकराचं वजन बघतात तसं जरा खालीवर केलं. झाकण फिरवलं. काठावरून अंगठा नेला. मी बघत राहिले. माझ्या पाठांतरात नव्हतं तेसुद्धा त्यांनी बघितलं, भांडं पालथं घालून बूड सपाट आहे का ते.

"ह्यात पानी कमी लागतंय म्हन्त्यात ह्या काकू. खरं हाय का गं?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

"किती कमी?"

याला मान पुरत नाही. "निम्मं," मी म्हणाले.

"मग हेच. नाव घालून दे. भामाबाई."

मी पाय हलवला. "मशीन बिघडली."

"मग फुडल्या बाजारी येते. नावाबिगर न्हाई न्यायचं मला."

काकूंना राहवलं नाही. "न्या की वो. नावाचं काय एवढं? भांडं निळं हाय, गावात दुसरं हाय का आसलं?"

भामाबाईंनी काठी उचलली होती ती परत ठेवली. "आमचं तीन भावांचं एक घर हाय. आता चुली येगळ्या व्हायल्यात. मला माहेरून पितळंचं पातेलं दिलतं, ह्या येवढं. घरची समदी नारायणगडाला नवसाचं जेवण घालाया गेलतो, तवा ते नेलं. आलं माघारी, पर थोरल्या जावंच्या उतरंडीत जाऊन बसलं. मी म्हन्लं, माहं हाय. ती म्हन्ली, कशावरून? नाव दाव. चार माणसं बसलीवती. म्या काय दावू? माणसं म्हन्ली, नाव न्हाई तर काय बोलावं." काठी पुन्हा उचलत म्हणाल्या, "ह्या टायमाला बोकड माह्या हातानं वाढिवलेलं इकलंय. चुलीवर पयलं भांडं माह्या नावाचं चढंल."

त्या गेल्या. काकू म्हणाल्या, "मशीनला काय झालं गं?" मी म्हणाले, "बघते." आणि खरोखर बराच वेळ मशीनकडे बघत बसले.

पुढच्या बाजारी त्या आल्या. "अजून बिघडलेलीच हाय?" मी होय म्हणाले. त्यांनी निळं भांडं हात लावून बघितलं, आहे याची खात्री केली आणि गेल्या. मी ठरवलं, घरी आरशासमोर उभं राहून वाक्य पाठ करायचं: या भांड्यावर काचेचा थर असतो, त्यावर नाव घालता येत नाही. पाठ झालं. त्याच्या पुढच्या बाजारी त्या संध्याकाळी आल्या, काउंटरवर सात-आठ बाया होत्या, आणि माझ्या तोंडून तेच दोन शब्द बाहेर पडले. या वेळी भामाबाईंनी निळ्या भांड्याला हात लावला नाही. जरा जास्त वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

चौथ्या बाजारी त्या सकाळीच आल्या. मला कळलंच नाही. मी एका स्टीलच्या डब्यावर नाव घालत होते आणि घर्रर्र चालू होतं. शिरोरेघ ओढून वर बघितलं तर डब्यावाल्या बाईच्या मागे ती आडवी काठी आणि तिच्यावरची दोन मनगटं. मशीन माझ्या हातात थरथरत होती.

"बिघडलेली मशीन लई झ्याक चालतीय की," भामाबाई म्हणाल्या.

काकूंनी धाव घेतली. "आवो, आत्ताच दुरुस्त करून आन्ली..."

"तुमी गप बसा काकू. मी हिला इचारतीय." त्या पुढे आल्या. आवाज चढवला नव्हता. "माह्याच नावाला कावून बिघडती गं मशीन? ह्या बाईचं नाव चालतंय. त्या दिशी शिरूरच्या बाईचं चाललं, मी बाहीर उभं राहून बघितलं. माहंच कावून न्हाई? शेरडामागं फिरतो आमी म्हणून? का तुमच्या निळ्या भांड्यावर आमचं नाव बरं दिसत न्हाई?"

डब्यावालीनं डबा छातीशी धरला.

मी भित्री आहे हे मला ठाऊक होतं. पण तो माझा घरगुती दोष आहे, माझं मीच नुकसान करते, अशी माझी समजूत होती. समोरची बाई तीन आठवडे त्याचा अर्थ तिच्या जातीत, तिच्या कपड्यांत शोधत होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पाठ केलेलं वाक्य आठवेना. त्याऐवजी जे आलं ते असं: "मशीन चांगली आहे. मी खोटं बोलले. या भांड्यावर काच असते. सुई लावली की ती उडते. अक्कांचं भांडं मीच खराब केलं. मला सांगायची लाज वाटली."

"अक्कांचं?" काकू म्हणाल्या. "आगं, अक्का तर मला म्हन्ल्या की भांड्यावर डिझाईन हाय!"

कुणीतरी फसकन हसलं. भामाबाई हसल्या नाहीत.

"दाव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काच उडते म्हन्लीस ना? उडवून दाव. तीनदा खोटं बोललीस, आता कावून खरं मानू?"

मी मांडणीवरून निळं भांडं काढलं. काकू ओरडल्या, "ए पोरी, इकायचं हाय ते!" मी म्हणाले, "माझ्या पगारातून घाला." हे वाक्यही आयुष्यात पहिलंच. भांडं कापडाच्या चुंबळीवर बसवलं, हात जितका हलका करता येईल तितका केला आणि सुई टेकवली. उभी रेघ बऱ्यापैकी आली. वळणावर 'टिच्च.' काना ओढताना आणखी एक टवका उडाला आणि पलीकडच्या बाईच्या लुगड्याला लागून खाली पडला. निळ्या पोटावर काळं, कडा तुटलेलं 'भा' उभं राहिलं. मी मशीन बंद केली.

"बघा," मी म्हणाले. "असं होतं."

भामाबाई वाकल्या. टवक्यावर अंगठा फिरवला, पदरानं पुसलं, परत अंगठा फिरवला. मग झाकण काढून आत डोकं घातलं.

"आतून न्हाई ना उडली?"

"नाही. आत काही होत नाही."

"कालवण आतच शिजतंय ना?"

"हो."

"मग थांबलीस कावून?"

"आणखी उडेल," मी म्हणाले. "खराब दिसेल."

"दिसू दे. आमच्या थोरल्या जावंचं नाव भागीरथी हाय. रेशनकार्डावर आमचं दोघींचं पयलं अक्षर सारखंच हाय, मी बघितलंय. तू हितंच थांबलीस तर भांडं तिचं झालं. लिव्ह फुडं."

बाया आता उघडच हसायला लागल्या, आणि काकू सगळ्यांत मोठ्यानं. मी मशीन चालू केली. 'मा'चा काना जाताना बोटाच्या नखाएवढा तुकडा घेऊन गेला. 'बा' चांगला आला. 'ई' मला दोनदा करावी लागली. शिरोरेघ मी मुद्दाम सलग ओढली नाही, तुकड्यातुकड्यानं ठिपके देत गेले, म्हणजे थर एकदम सुटणार नाही. पत्र्यावर बाराखडी गिरवताना इतका घाम आला नव्हता. झालं तेव्हा नाव हातभरावरून वाचता येत होतं आणि भांडं, पत्रकाच्या भाषेत सांगायचं तर, बाद झालं होतं.

"रोज तिथं तेलाचं बोट फिरवा," मी म्हणाले. आता बोलायला लागलेच होते तर राहिलेलंही सांगून टाकावं. "लोखंड उघडं पडलंय, गंज येईल. आणि काठाला सांडशी लावू नका, कानाला धरूनच उचला. लाकडी पळी वापरा."

"गंज आला तर लाल व्हईल का?"

"हो."

"मग येऊ दे. लांबून दिसंल."

त्यांनी पदराच्या गाठीतून पैसे काढले. माझ्या पगारातून घ्यायचं मी पुन्हा सांगितलं, तर म्हणाल्या, "तुह्या पगाराचं भांडं मी नेलं तर ते तुहं झालं." काकूंनी पैसे घेतले. मला वाटलं संपलं. पण भामाबाई भांडं दोन्ही हातांत धरून तिथंच उभ्या राहिल्या. मग बाहेर बघून रस्त्यानं चाललेल्या एका बाईला हाक मारली. ओळखीची नव्हती, हातात मेथीच्या जुड्या होत्या.

"ए बाई, तुला वाचता येतंय का? ये हिकडं. हे काय लिव्हलंय?"

ती बाई बिचकत आत आली, मान तिरकी करून वाचलं. "भा... मा... बाई. भामाबाई."

"भागीरथी न्हाई ना?"

"न्हाई वो. भामाबाई हाय."

भामाबाईंनी तिला जाऊ दिलं आणि डब्यावाल्या बाईपुढे भांडं धरलं. "तू वाच." तिनंही तेच वाचलं. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंच. पण बाईनं योग्य तेच केलं होतं. त्या दुकानात जिच्या शब्दावर तिला विसंबता आलं नसतं अशी मी एकटीच होते.

मग त्यांनी भांडं माझ्यासमोर टेकवलं, नाव माझ्याकडे करून.

"आता तू वाच."

मी वाचलं.

"ऐकू न्हाई आलं," भामाबाई म्हणाल्या, आणि काकूंकडे बघितलं. "तुमाला आलं का?"

"न्हाई बा," काकू म्हणाल्या. त्या माझ्यापासून दोन फुटांवर होत्या.

मी उठून उभी राहिले आणि पुन्हा वाचलं, "भामाबाई." बाहेर मिरच्यांच्या ढिगामागच्या माणसानं वळून आत बघितलं. भामाबाईंनी झाकण बसवलं, पदराची चुंबळ करून भांडं डोक्यावर घेतलं, आणि काउंटरला टेकवलेली काठी दे म्हणून माझ्यापुढे हात केला. काठी मी दिली.